दुसऱ्यांच्या नौका पाहताना

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात पूर्व किनाऱ्याला समांतर असा एक शांत जलमार्ग आहे. एका बाजूस मुख्य भूमी, दुसऱ्या बाजूस वाळूची चिंचोळी बेटे आणि त्या बेटांपलीकडे खुला अटलांटिक महासागर. या मार्गास तेथे ‘इंट्राकोस्टल वॉटरवे’ म्हणतात. आपल्याकडे आंध्र व तामिळनाडूच्या किनाऱ्यालगत जसा बकिंगहॅम कालवा आहे, तसाच हा प्रकार; मात्र विस्ताराने कितीतरी मोठा. व्हर्जिनियातील नॉरफोक बंदरात शून्य मैल धरून दक्षिणेकडे मोजणी सुरू होते आणि मायामीपर्यंत ती सुमारे १,०९० मैलांवर जाते. समुद्र खवळलेला असला तरी लहान नौकांना आतल्या आत प्रवास करता यावा, हा त्याचा मूळ हेतू.

व्यापारी वाचकांस या जलमार्गाचा जमाखर्च ऐकण्यासारखा वाटेल. फ्लोरिडातील भाग सरकारने खोदलेला नाही. १८८१ मध्ये एक खाजगी कंपनी स्थापन झाली. तिने कालवा खोदावा आणि मोबदल्यात राज्याने तिला जमीन द्यावी, असा व्यवहार ठरला. काम १९१२ मध्ये पुरे झाले. कंपनीस दहा लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. परंतु तोवर रेल्वे आली होती आणि जकातीच्या उत्पन्नातून कालव्याची देखभालही भागेना. अखेर कंपनी डबघाईस आली, १९२९ मध्ये सार्वजनिक संस्थेने कालवा विकत घेतला आणि तो सर्वांस खुला झाला. आज त्यातून हिंडणाऱ्या कोट्यवधी डॉलरांच्या नौका कोणाच्या तरी बुडालेल्या भांडवलावरून चालल्या आहेत. ज्यांनी हयात कर्जखाती तपासण्यात घालवली, त्यांस ही गोष्ट विसरता येत नाही.

फोर्ट लॉडरडेल हे शहर या मार्गावर साधारण १,०६५ व्या मैलावर आहे. खारफुटीच्या दलदलीत १९२० च्या दशकात तेथील जमीन विकासकांनी एक युक्ती केली. हाताच्या बोटांप्रमाणे समांतर कालवे खणले, निघालेली माती मधल्या पट्ट्यांवर टाकली आणि जवळजवळ प्रत्येक भूखंड ‘पाण्याकाठचा’ करून विकला. १९२६ च्या चक्रीवादळाने त्या तेजीचा फुगा फोडला. पण कालवे राहिले आणि पुढे त्यांच्या काठी श्रीमंतांची घरे उठली. घराच्या पुढच्या दारी मोटार आणि मागच्या दारी नौका, अशी तेथील रीत आहे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तेथे माझ्या भाच्याकडे होतो. त्याचा फरशी व ग्रॅनाइटचा व्यापार आहे. उद्योगी मुलगा, हिशेबाला चोख. अलीकडे त्याला नौकांचे वेड लागले आहे. एका शनिवारी त्याने आम्हा सर्वांस वॉटर टॅक्सीत बसवले. दिवसभराचे एक तिकीट काढायचे, हव्या त्या धक्क्यावर चढायचे-उतरायचे. स्वतःची नौका नसणाऱ्याने दुसऱ्यांच्या नौका पाहाव्यात, यासाठी याहून स्वस्त व सुखाची सोय नाही.

पाहण्यासारखे खरोखर पुष्कळ आहे. चाळीस फुटांच्या कुटुंबवत्सल नौकेपासून दोनशे फुटांच्या तीन-चार मजली यॉटपर्यंत सर्व आकार तेथे रांगेने बांधलेले असतात. शुभ्र अंगावर पाण्याचे प्रतिबिंब हलत असते. सतराव्या रस्त्याचा पूल बंद असताना पाण्यापासून पंचावन्न फूट उंच राहतो. त्याहून उंच नौका आली की तो ठरलेल्या वेळी, तासाला व अर्ध्या तासाला, मधोमध दुभंगून वर उचलला जातो. एका नौकेसाठी शेकडो मोटारी थांबतात, आणि कोणी भोंगा वाजवीत नाही याचे मला नवल वाटले. नियमात एक शहाणपणही आहे. नौकेवरील अँटेना वा तत्सम जे काही खाली वाकवता येते ते आधी वाकवावे लागते. जो वाकू शकतो, त्याला विनाकारण पूल उघडून मागता येत नाही.

माझे लक्ष मात्र नौकांच्या पिछाडीकडे अधिक होते. तेथे नाव लिहिलेले असते आणि त्याखाली नोंदणीच्या बंदराचे नाव. उभ्या होत्या फ्लोरिडात. पण लिहिलेले होते जॉर्ज टाउन, म्हणजे केमन बेटे. कोठे व्हॅलेटा, म्हणजे माल्टा. एकीवर ‘बिकिनी’ असे वाचले. प्रशांत महासागरातील ज्या बिकिनी बेटावर अमेरिकेने १९४६ पासून अणुबाँबच्या चाचण्या केल्या, ज्याचे मूळ रहिवासी आजही तेथे परतून सुखाने नांदू शकलेले नाहीत, ते मार्शल बेटांच्या ध्वजाखालील कित्येक विलासी नौकांचे कागदोपत्री माहेर आहे. त्या बंदरात त्यांपैकी किती नौका कधी गेल्या असतील, हे सांगावयास नको.

विक्रीस काढलेल्या काही परदेशी ध्वजाच्या नौकांबाबत एक सूचना हमखास आढळते. तिचा आशय असा की, अमेरिकेच्या पाण्यात असेतो ही नौका अमेरिकी रहिवाशास विक्रीसाठी नाही. भाच्याला ते गूढ वाटत होते. कारण साधे आहे. परदेशी बांधणीच्या, आयात शुल्क न भरलेल्या नौकेची अशी विक्री करता येत नाही. २०२५ पूर्वी शुल्क होते अवघे दीड टक्का. पण पाच कोटी डॉलरांवर दीड टक्का म्हणजे साडेसात लाख डॉलर. तेव्हा मालकास ती पाटी स्वस्त पडते. फ्लोरिडा राज्यानेही या स्वभावाची नस ओळखली आहे. नौकेवरचा राज्याचा विक्रीकर सहा टक्के. परंतु २०१० पासून त्यास १८,००० डॉलरची कमाल मर्यादा घातलेली आहे. म्हणजे तीन लाखांच्या नौकेवर जितका कर, तितकाच तीन कोटींच्या नौकेवर. अन्यायच म्हणायचा, पण नौका दुसऱ्या राज्यात निघून गेली तर तिच्यामागून दुरुस्तीची कामेही जातात, हे त्यामागचे गणित.

ते गणित अमेरिकेने एकदा महागात शिकले होते. १९९० च्या कायद्याने एक लाख डॉलरहून महाग नौकांवर, त्या वरच्या रकमेवर दहा टक्के चैनकर बसवला आणि १९९१ पासून तो लागू झाला. श्रीमंतांकडून घ्यावे हा हेतू. श्रीमंतांनी नौका घेणेच लांबणीवर टाकले. त्याच सुमारास मंदीही होती. भार पडला तो सुतार, रंगारी, वायरमन यांच्यावर. कारखान्यांतून माणसे कमी झाली आणि १९९३ मध्ये नौकांवरचा कर रद्द करावा लागला. कोणाच्या चैनीवर कोणाची चूल पेटते, हे खातेवहीत एका ओळीत दिसत नाही.

गप्पा अशा चालल्या असता माझ्या भाचेसुनेने मध्येच एक प्रश्न टाकला. ती तेथील जैन केंद्रात मुलांची पाठशाळा घेते. म्हणाली, “मामा, सकाळपासून आपण सगळे ‘वा! काय सुंदर!’ म्हणतो आहोत. हा प्रमोद झाला की अनुमोदना?”

प्रश्न वरवर हलका, पण सोपा नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्यास मनाने संमती देणे, या तिन्हींचा विचार आपल्या धर्मात आहे. साधू-साध्वींची व्रते तिन्ही बाजूंनी बंद असतात. गृहस्थाच्या व्रतात अनुमोदनेचे दार बहुधा मोकळे ठेवलेले असते; कारण संसारात राहून ते बंद करणे अशक्य, हे आचार्यांनी जाणले होते. पण मोकळे आहे म्हणून त्यातून वाटेल तसे जावे, असे नाही. दुसरीकडे मैत्री, प्रमोद, कारुण्य व माध्यस्थ्य या चार भावना आहेत. अधिक गुणवानास पाहून मनात जो आनंद उमलतो तो प्रमोद. येथे शब्द ‘गुण’ आहे, ‘धन’ नाही. धनवानास पाहून उमलणारा आनंद प्रमोदात मोडत नाही, आणि धनवानास पाहून होणारी जळजळ तर अपध्यानातच जमा होते.

मग मी तिला म्हटले, “आपण ‘वा’ कशाला म्हणालो, ते एकेक तपासून पाहू.” पुढचे दोन तास आम्ही तेच केले, आणि त्यामुळे नौका पाहण्याची गोडी उणी न होता उलट वाढली.

एका मोठ्या यॉटच्या शिडीपाशी वेताची टोपली ठेवलेली दिसली. पाहुण्यांनी पादत्राणे त्यात काढून मगच वर जायचे. सागवानी डेकवर चरे पडू नयेत म्हणून ही प्रथा; कोट्यधीश असो की दलाल, अनवाणीच जाणार. माझ्या पत्नीस ते पाहून देरासराच्या पायऱ्या आठवल्या. वर दोन तरुण खलाशी कठड्याच्या लाकडाला व्हार्निश देत होते. हे काम पाहत राहावे असे असते. एक थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, बारीक पॉलिश कागदाने घासायचा, धूळ पुसायची आणि पुन्हा थर द्यायचा. असे आठ-दहा थर. उन्हाने व खाऱ्या वाऱ्याने ते पुन्हा विटते आणि पुन्हा तेच काम. त्या मुलांच्या हातांत घाई नव्हती. तो ‘वा’ निःशंक प्रमोदाच्या खात्यावर जमा केला. मालक तेथे नव्हताच. अशा नौकांचे मालक बहुधा वर्षातून थोडेच आठवडे येतात. नौकेचे खरे सुख कोणास असेल तर ते तिला रोज पुसणाऱ्यास असावे.

पुढे मासेमारीच्या नौका लागल्या. उंच नाळ, मागे उतरत जाणारी रेषा. आकाराने या नौका सर्वांत देखण्या, हे कबूल केले पाहिजे. त्यांत हॅटरस या नावाच्या नौका पुष्कळ. त्या कंपनीची हकीकत व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. विलिस स्लेन हा मोजे विणणाऱ्या गिरण्यांच्या घराण्यातला गृहस्थ. राहायचा नॉर्थ कॅरोलायनातील हाय पॉइंट येथे, समुद्रापासून दूर, फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी. हॅटरस भूशिराजवळच्या वादळी पाण्यात टिकेल अशी नौका असावी, हे त्याच्या मनाने घेतले. त्या काळी मोठ्या नौका लाकडाच्या होत. त्याने फायबरग्लासची एक्केचाळीस फुटी नौका बांधवली. १९६० मध्ये ती पाण्यात उतरली. विणकामाच्या धंद्यावर कोटी करून तिचे नाव ठेवले ‘निट विट्स’. समुद्र नसलेल्या गावात, दुसऱ्याच धंद्यातल्या माणसाने, कारागिरांच्या हातावर विश्वास ठेवून एक नवा उद्योग उभा केला. या साहसास ‘वा’ म्हटले.

पण त्याच नौकांच्या पिछाडीस एक भक्कम खुर्ची जमिनीत रोवलेली असते. मोठा मासा गळाला लागला की तासन् तास त्याला दमवून ओढण्यासाठी माणूस तीत पट्ट्याने बांधून बसतो. ती दृष्टीस पडताच भाचेसुनेने मुलांचे तोंड दुसऱ्या काठाकडे वळवले. कारागिरी तीच, बुद्धी तीच. उपयोग पाहिला की शब्द घशात अडतो. येथे ‘वा’ अर्धाच राहिला. तो तसाच अर्धा ठेवणे मला योग्य वाटते. नौकेची रेषा सुंदर नाही असे म्हणणे खोटे झाले असते, आणि खुर्ची नजरेआड करणे त्याहून खोटे.

यानंतर ज्या भागात आलो तेथे सर्वच नौकांचा वेग एकाएकी उतरला. काठावर पाट्या होत्या. हा मॅनटीचा प्रदेश. मॅनटी हा पाण्यातच राहणारा सस्तन प्राणी, सुमारे दहा फूट लांब, हजार पौंडांच्या आसपास वजनाचा, आणि पूर्ण शाकाहारी; पाणगवतावर जगणारा. थंडीत तो उबदार पाण्याच्या शोधात येतो आणि वीजकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्यापाशी गोळा होतो. संथपणे पृष्ठभागालगत तरंगणारा हा जीव वेगवान नौकेखाली सापडतो, पंख्याच्या पात्यांनी कापला जातो. फ्लोरिडातील इतक्या मॅनटींच्या पाठीवर असे व्रण आहेत की अभ्यासक त्या व्रणांच्या आकारावरूनच एकेकाला ओळखतात. १९७८ मध्ये राज्याने मॅनटींच्या रक्षणाचा कायदा केला. त्यानुसार ठरावीक भागात, कित्येक ठिकाणी केवळ हिवाळ्यात, नौकांनी अगदी मंद गतीने जायचे असते. ज्या नौकेसाठी पूल दुभंगतो, ती येथे एका गवत खाणाऱ्या मुक्या जीवासाठी रांगते. त्या दिवशी आम्हास मॅनटी दिसला नाही. पण सर्व नौका हळू चाललेल्या दिसल्या, आणि सर्वांत मोकळा ‘वा’ तेथे निघाला.

परतीच्या वाटेवर भाच्याने मोठ्या यॉटच्या मालकांविषयी विचारले. बँकेच्या माणसाला अशा वेळी एकच नौका आठवते. इटलीतील बेनेत्ती कारखान्याने १९८० मध्ये शस्त्रव्यवहारातील सौदी दलाल अदनान खशोगी यांच्यासाठी ‘नबीला’ नावाची यॉट बांधली. लांबी ८६ मीटर, नाव मुलीचे. १९८३ च्या एका जेम्स बाँड चित्रपटातही ती झळकली. तिच्या बांधणीने कारखाना इतका कर्जात गेला की पुढे तो दुसऱ्या कंपनीस विकावा लागला. खशोगींची आर्थिक ओढाताण झाली तेव्हा नौका ब्रुनेईच्या सुलतानाकडे गेली. त्याच्याकडून ती डोनाल्ड ट्रम्प यांनी सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरला घेतली व तिचे नाव ‘ट्रम्प प्रिन्सेस’ ठेवले. १९९१ मध्ये, त्यांच्या जुगारगृहांची कर्जे अंगावर आलेली असताना, ती सौदी राजपुत्र अल्वलीद बिन तलाल यांना २ कोटी डॉलरला विकली गेली आणि तिला आणखी एक नाव मिळाले. नौका तीच, घसारा तेवढा प्रत्येकाच्या वाट्याला आला. सोने गहाण ठेवून घेताना आम्ही डोळे मिटून घेत असू असे नाही, पण तरत्या वस्तूवर कर्ज देताना मात्र दोनदा विचार करीत असू.

हे सांगण्याचे कारण होते. भाच्याच्या खिशात एक कागद होता. तो त्याने घरी आल्यावर, जेवणे झाल्यावर, माझ्यापुढे ठेवला. चाळीस फुटी नौका, किंमत साडेतीन लाख डॉलर. सत्तर हजार स्वतःचे, बाकी दोन लाख ऐंशी हजारांचे कर्ज, वीस वर्षे मुदत, व्याज आठ टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे २,३४२ डॉलर.

“मामा, बँकेने मंजुरी दिली आहे,” तो म्हणाला. “झोपायची जागा, स्वयंपाकघर आणि शौचालय असले की तिथे नौका दुसरे घर मानतात. व्याजावर करसवलतही मिळू शकते.”

“करसवलत म्हणजे व्याज परत मिळणे नव्हे,” मी म्हटले. “वर्षातून किती दिवस वापरशील?”

“तीस तरी.”

आम्ही कागद उलटा करून मागे आकडे मांडले. हप्ते वर्षाला सुमारे २८,१००. जागेचे भाडे, विमा, इंधन, रंग, इंजिनाची देखभाल यांसाठी किमतीच्या दहा टक्के धरावेत, असा नौकावाल्यांचाच ठोकताळा आहे, ते ३५,०००. एकूण ६३,१००. तीस दिवसांनी भागले तर दिवसाला २,१०० डॉलर. वीस वर्षांत हप्त्यांपोटी ५ लाख ६२ हजार जाणार, म्हणजे मुद्दल जितके तितकेच व्याज. आणि तेव्हा हातात राहील ती वीस वर्षांची जुनी नौका. आकडे पाहून तो गप्प झाला, पण निराश झाला नाही. व्यापाऱ्याला परवडते, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही.

त्याला परवडत होते म्हणूनच मग आनंद श्रावकाची गोष्ट काढली. उपासकदशांग सूत्रात ती आहे. वाणिज्यग्रामचा आनंद हा मोठा धनिक. चार कोटी सुवर्ण कोशात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरदारात. चाळीस हजार गुरे. भगवान महावीरांपाशी त्याने बारा व्रते घेतली आणि परिग्रहाची मर्यादा बांधली. त्यात पाचशे नांगर, पाचशे गाडे दूरच्या प्रवासास व पाचशे जवळच्या वाहतुकीस यांच्या जोडीला नौकांचा आकडा येतो; चार दूरदेशीच्या व्यापारासाठी, चार जवळच्या वाहतुकीसाठी.

भाचा हसला. “म्हणजे आनंदकडे आठ होत्या. मी एकच म्हणतो आहे, मामा.”

उत्तर खरे होते आणि त्यावर सगळेच हसलो. मी म्हटले, “अरे, आठ असणे हे त्याचे व्रत नव्हते. नववी नाही, हे व्रत होते. तुझा आकडा कोणता ते सांग. एक असेल तर एक. पण एक असे आज ठरवलेस, तर पुढल्या वर्षी साठ फुटी दिसेल तेव्हा काय?”

शिवाय आनंदच्या नौका व्यापाराच्या होत्या. आपल्या समाजास समुद्राचे भय कधी नव्हते. ज्ञाताधर्मकथेतील व्यापारी जहाजे भरून निघतात. आणि अलीकडचे पाहायचे तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, तो दिवस देश आजही नौकानयन दिन म्हणून पाळतो. भाच्याची नौका या मालिकेतली नाही. ती भोगोपभोगाच्या खात्यातली, आणि त्या खात्याला स्वतःचे वेगळे परिमाण-व्रत आहे. हेही त्यास सांगितले. त्याने ऐकून घेतले. पटले असे म्हणाला नाही.

त्या चर्चेत माझ्या पत्नीने जी भर घातली ती मला अधिक मोलाची वाटली. दुपारी एका धक्क्यावर आम्हास एक वयस्क अमेरिकन जोडपे भेटले होते. घर विकून ते पाच वर्षे एका जुन्या, संथ, ट्रॉलर पद्धतीच्या नौकेवर राहत होते. तासाला सात-आठ मैल, हिवाळ्यात दक्षिणेस, उन्हाळ्यात उत्तरेस. पत्नीने त्या बाईंना कपडे ठेवण्याची जागा विचारली होती. त्यांनी एक कपाट दाखवले, दोन हात रुंद. नवे एक घेतले की जुने एक देऊन टाकावे लागते, नाहीतर दार लागत नाही, असे त्या म्हणाल्या होत्या. पत्नी भाच्यास म्हणाली, “तसली घेणार असशील तर आम्ही येऊन राहू. तुझ्या कागदावरच्या नौकेत कपाटे किती आहेत?”

कागदावर ते लिहिलेले नव्हते. भाचेसुनेने तो उचलून फ्रिजच्या दारावर लावला आणि कोपऱ्यात पेन्सिलने रिकामा चौकोन काढला. आकडा ठरला की त्यात लिहायचा.

कर्जमंजुरीची मुदत मार्चअखेर संपली. त्याने ती वाढवून घेतली नाही असे फोनवर कळले. चौकोनात काही लिहिले का, हे मी विचारले नाही. फोर्ट लॉडरडेलचे मोठे नौका-प्रदर्शन दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस भरते. १९५९ पासूनची ती परंपरा आहे. त्याची तिकिटे मात्र भाच्याने आताच काढून ठेवली आहेत; चार, त्यात पाठशाळेतल्या मुलांपैकी दोघांची.